तेलासारखा समुद्र आपल्याकडचा

"थंडीत समुद्र कसा तेलासारखा असतो गं," असं म्हणत आत्याने आलेपाकाचं पाकीट बॅगेतून काढलं आणि परत फडताळात ठेवून दिलं. थंडीत बोट लागण्याचा प्रश्नच येत नाही, हा तिचा हिशेब. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथून पाऊण तासावर बेयॉनचा केप लिबर्टी धक्का आहे, आणि जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी चारला आमचं जहाज तिथून बहामाजला निघणार होतं. रत्नागिरीत जन्म काढलेल्या बाईशी समुद्रावरून वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती. पाकीट मी गुपचूप माझ्या पर्समध्ये टाकलं.

तिच्या समुद्रापुरतं तिचं म्हणणं अगदी खरं होतं. कोकणात जूनपासून दर्या खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी पाण्यात उतरत नाही. दिवाळी सरली की पहाटेचे मतलई वारे सुटतात आणि पाणी खरंच तेलासारखं होतं. रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेच्या वर माणसं गेली, तीही 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात. त्यामुळे पावसाळा म्हणजे धोका आणि थंडी म्हणजे निवांत, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. उत्तर अटलांटिकचं पंचांग मात्र बरोबर उलटं चालतं. तिथे समुद्राला निवांतपणा असतो तो साधारण जून-जुलैत.

न्यू यॉर्क परिसरातून हिवाळी क्रूझ घेणाऱ्या मराठी मंडळींचे बहुतेक गैरसमज या एका उलट्या पंचांगातून निघतात. बाकीचे क्रूझच्या जाहिरातीतल्या निळ्या पाण्यातून.

गैरसमज: चक्रीवादळांचा मोसम संपला, म्हणजे आता काळजी नाही.

अटलांटिकमधल्या हरिकेनचा अधिकृत मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. तो संपलेला असतो, हे खरं. पण हरिकेन हे एका जातीच्या वादळाचं नाव आहे. ते गरम समुद्राच्या उष्णतेवर पोसतं आणि थंड पाण्यावर आलं की ढेपाळतं. हिवाळ्यातली वादळं दुसऱ्या जातीची. त्यांना खाद्य मिळतं ते थंड आणि गरम हवेच्या तफावतीतून, आणि ही तफावत जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जितकी तीव्र असते तितकी जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पश्चिमेला कॅनडापासून गोठलेली जमीन, पूर्वेला गल्फ स्ट्रीमचा गरम प्रवाह. फेब्रुवारीत या प्रवाहाचं पाणी वीस अंशांच्या वर असतं, आणि त्याला लागून किनाऱ्याकडचं पाणी दहाच्या खाली.

या सीमारेषेवर जी वादळं उठतात त्यांना तिकडे नॉरईस्टर म्हणतात. नाव ऐकून वादळ ईशान्येकडून येतं असं वाटतं. प्रत्यक्षात ते दक्षिणेत जन्मून किनाऱ्याने वर चढतं. ईशान्येकडून येतो तो किनाऱ्यावर झोडपणारा वारा. त्यातलं एखादं अचानक फुगतं. 24 तासांत केंद्रातला दाब 24 मिलिबारने किंवा त्याहून जास्त कोसळला तर त्याला हवामानशास्त्रज्ञ 'बॉम्ब' म्हणतात. हा शब्द वृत्तवाहिन्यांनी काढलेला नाही. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकम यांच्या 1980 च्या शोधनिबंधातून तो रुळला. 4 जानेवारी 2018 च्या वादळात हा दाब एका दिवसात 50 मिलिबारहून जास्त उतरला होता. अशा वादळातला वारा ब्यूफोर्ट मापावरच्या बाराव्या पायरीला, म्हणजे ताशी 118 किलोमीटरला, सहज पोचतो. कॅलेंडरवर हरिकेनचा मोसम नसतो, पण वाऱ्याची ताकद हरिकेनची असू शकते.

आता नकाशावर नॉर्थ कॅरोलिनातलं केप हॅटरस शोधा. किनारा तिथे कोपरासारखा बाहेर आलेला आहे. उत्तरेकडून थंड पाणी उतरतं, दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीम किनाऱ्याला जवळजवळ घासून येतो आणि तिथूनच आत समुद्रात वळतो. प्रवाह ईशान्येला धावतोय आणि वारा नेमका समोरून, ईशान्येकडून आला, तर लाटांची गत वरातीत समोरून गाडी घुसल्यासारखी होते. लाटा एकमेकींच्या जवळ येतात, उंच होतात, त्यांचे उतार कड्यासारखे उभे राहतात. शेकडो जहाजं तिथे तळाशी आहेत आणि खलाशी त्या टापूला अटलांटिकची दफनभूमी म्हणतात. बेयॉनहून चारला निघालेलं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळ-दुपारच्या सुमाराला याच कोपऱ्यावर असतं.

6 फेब्रुवारी 2016 रोजी याच धक्क्यावरून 'अँथम ऑफ द सीज' निघालं होतं. साडेचार हजारांहून जास्त प्रवासी, मुक्काम फ्लोरिडा आणि बहामाज. वादळी वाऱ्यांचे इशारे आधीच दिलेले होते. दुसऱ्या दिवशी कॅरोलिनाच्या किनाऱ्यापुढे वारा ताशी 160 किलोमीटरच्या वर गेला, लाटा नऊ मीटरला पोचल्या, प्रवाशांना खोल्यांबाहेर पडू नका असं सांगण्यात आलं. कोणी दगावलं नाही, चौघांना किरकोळ दुखापत झाली; पण जहाज अर्ध्या वाटेवरून फिरलं आणि 10 तारखेला रात्री परत बेयॉनला लागलं. असं दरवर्षी होत नाही. पण थंडीतला समुद्र शांतच असतो, असं म्हणणाऱ्याला एवढा एक दाखला पुरे.

गैरसमज: जहाज एवढं मोठं, ते कसलं हलतंय!

'अँथम' 348 मीटर लांब आहे आणि त्याचं टनेज 1 लाख 68 हजारांच्या वर आहे. (हे टन वजनाचे नाहीत. जहाज आतून किती ऐसपैस, हे मोजायचं ते परिमाण आहे. हॉटेलाच्या खोल्या वाढल्या की टनेज वाढतं.) पाण्याखाली असतो तो भाग जेमतेम नऊ मीटर, आणि वर मजल्यांवर मजले. वाऱ्याला एवढी मोठी भिंत आयतीच मिळते.

जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, स्टॅबिलायझर. ते डावी-उजवीकडे होणारा डोल पुष्कळ कमी करतात. पण पुढचं टोक वर-खाली होतं, त्यावर त्यांचा इलाज नाही. शिवाय ते पाण्याच्या वेगावर काम करतात. वादळात जहाज मंदावलं की त्यांचा जोरही ओसरतो. म्हणून खोली घेताना खिडकी-गॅलरीपेक्षा जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची बघावी. सी-सॉच्या मधोमध बसलेल्या पोराला हेलकावे कमी बसतात, इतकी साधी गोष्ट आहे. गंमत म्हणजे या खोल्या बहुधा स्वस्तही असतात.

कॅप्टन वादळाला चुकवून नेईलच, हाही एक समज असतो. तो चुकवतो, पण पळून नव्हे. जहाज 20 नॉटने, म्हणजे ताशी 37 किलोमीटरने जातं; नॉरईस्टर त्याच्या दीडपट वेगानेही जाऊ शकतं. कॅप्टनच्या हातात असते ती वेळ आणि वाट: लवकर निघणं, थांबणं, एखादं बंदर गाळणं, उलट क्रमाने जाणं. बंदर गाळलं की प्रवासी चिडतात. तिकिटाच्या करारात तसा अधिकार लिहून ठेवलेला असतो, फक्त तो कोणी वाचलेला नसतो.

गैरसमज: बर्फ पडला तर जहाज धक्क्यातच अडकेल.

जहाजाला हिमवर्षावाचं फारसं सोयरसुतक नसतं. खारं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं आणि न्यू यॉर्क बंदरात भरती-ओहोटीचा जोरही भरपूर. बंदराला त्रास होतो तो धुक्याचा आणि वाऱ्याचा. बर्फात अडकता ते तुम्ही. जानेवारी 2016 मध्ये सेंट्रल पार्कात एका वादळात 27.5 इंच, म्हणजे 70 सेंटिमीटर बर्फ पडला. विमानं रद्द, रस्ते बंद. शिकागो किंवा ह्यूस्टनहून येणाऱ्याने आदल्या दिवशीच पोचावं. पुण्याहून येणाऱ्याने तर दोन दिवस आधी.

गैरसमज: जहाज सुटलं की ऊन सुरू.

न्यू यॉर्कचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या जेमतेम वर असतं. वारा अजिबात नसला तरी 37 किलोमीटर वेगाने जाणारं जहाज स्वतःचा वारा स्वतःच तयार करतं. शून्य अंशाला हा वारा अंगाला उणे सातसारखा लागतो. आणि नेमकं तेव्हाच सगळे वरच्या डेकवर जमतात, कारण व्हेरझॅनो पूल येतो. 1964 सालचा हा पूल पाण्यापासून साधारण 228 फूट उंच आहे, आणि जहाजाचं धुरांडं त्याला आता घासतं की मग, असं वाटून लोक श्वास रोखून धरतात. थंडीत जाणाऱ्यांना थोडी जास्त सूट मिळते. उन्हाळ्यात पोलादी दोर उष्णतेने लांबतात आणि रस्ता हिवाळ्यापेक्षा बारा फूट खाली लोंबतो.

आत्या कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट अशा थाटात उभी होती. पुलाखालून गेल्यावर म्हणाली, "बघितला. चल आता आत."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला आमचं जहाज हलायला लागलं. 'अँथम'च्या मानाने काहीच नाही, तीन-साडेतीन मीटरच्या लाटा. पण जिन्याच्या कठड्यात खलाशांनी कागदी पिशव्या खोचायला सुरुवात केली. क्रूझवरचा सगळ्यात प्रामाणिक हवामान अंदाज तोच. वरच्या मजल्यावरच्या पोहण्याच्या तलावातलं पाणी काठावरून बाहेर उसळत होतं, मग त्यावर जाळी टाकली. आत्याने बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पर्समधून आलेपाक काढून दिला. दोघीही काही बोललो नाही.

दुपारनंतर गल्फ स्ट्रीम ओलांडला तेव्हा बदल दिसला तो आधी काचेवर. गॅलरीची थंड काच बाहेरून दमटली, कठड्याला घाम फुटला, आणि दार उघडलं तर हवा मऊ झालेली. त्याआधीच्या बारा तासांत जेवढी ऊब वाढली नव्हती तेवढी तीन तासांत वाढली. उबेची सुरुवात या प्रवाहापासून धरावी, बेयॉनच्या धक्क्यापासून नव्हे.

गैरसमज: बहामाज म्हणजे कॅरिबियन, तिथे बारमाही उन्हाळा.

बहामाज कॅरिबियन समुद्रात नाहीत, अटलांटिकमध्ये आहेत. आपल्या अक्षांशांनी मोजलं तर हे चटकन डोक्यात बसतं. वाटेतलं फ्लोरिडाचं पोर्ट कॅनाव्हेरल दिल्लीच्या ओळीत येतं, नासाउ वाराणसीच्या आसपास, आणि पोर्तो रिकोतलं सान हुआन थेट पुण्याच्या ओळीत, साडेअठरा अंशांवर. न्यू यॉर्कच्या ओळीत भारताचा एक इंचही नाही.

नासाउचं जानेवारीतलं दुपारचं तापमान पंचविसाच्या आसपास, पाणी तेवीस-चोवीस. छान आहे. पण उत्तरेकडून थंड हवेचा लोट खाली आला की दोन-तीन दिवस ढग, वायव्येचा वारा आणि स्वेटर. 19 जानेवारी 1977 रोजी तर बहामाजमधल्या फ्रीपोर्टला हिमकण पडल्याची नोंद आहे. थंडीपेक्षा वाराच जास्त घात करतो. काही बेटांवर जहाज दूर नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून नेतात. लाटा वाढल्या की त्या बोटी सोडत नाहीत, आणि तुम्ही स्वच्छ उन्हात गॅलरीतून बेट बघत बसता.

बर्म्यूडाबद्दल तर आणखी मोठी फसगत. बत्तीस अंश उत्तर, म्हणजे आपल्या धरमशालेची ओळ. थंडीत हवा आणि पाणी दोन्ही अठरा-वीसच्या घरात. बागेत फिरायला सुंदर, पोहायला नाही.

खात्रीचा उन्हाळा हवा असेल तर सान हुआनपर्यंत जाणारी लांबची क्रूझ घ्यावी. तिथे डिसेंबर ते एप्रिल पाऊसही कमी. मात्र हॅटरसकडे उठलेल्या वादळाच्या लांब लाटा दोन-तीन दिवसांनी पोर्तो रिकोच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन फुटतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि किनाऱ्यावर पोहायला बंदी. लोक कारण विचारतात तेव्हा ते दोन हजार किलोमीटर मागे राहिलेलं असतं.

गैरसमज: फोनवर बघितलं, हवा चांगली आहे.

फोन शहराची हवा सांगतो. तुम्ही शहरात नसता. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा समुद्राचा वेगळा अंदाज देते, आणि तरंगते बोये पाण्यातून ताजी मोजमापं पाठवतात. हॅटरसजवळच्या डायमंड शोल्सच्या बोयाचा क्रमांक 41025, न्यू यॉर्कपुढच्या एकाचा 44025. कोणीही फुकट बघावं. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. तीन मीटर लाटा म्हणजे सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून एखादी जवळपास दुप्पट येणारच. दुसरं, उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतर बघायचं. बारा सेकंदांनी येणारी तीन मीटरची लाट पाळण्यासारखी झुलवते; तीच सहा सेकंदांनी आली तर आलेपाक काढावा लागतो.

राहता राहिली परतीची वाट, जी कोणाच्याच डोक्यात नसते. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि खलाशी त्या घेऊन जातात. त्या रात्री हवा अजून बरी असते, म्हणून लोक कोट, बूट, मोजे सगळं बॅगेत भरून मोकळे होतात. सकाळी सातला बेयॉनला उणे सहा होते. धक्क्यावर गाडीची वाट बघत नासाउच्या गवती टोप्या आणि सपाता घातलेली माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. आत्या कानटोपी, मफलर आणि जाकीट रात्रीच उशाशी घेऊन झोपली होती. तिने शेजारच्या कुडकुडणाऱ्या पोराला आपला मफलर दिला आणि मला विचारलं, "त्या बोयाचा नंबर काय म्हणालीस?"