कापसाची रुई आणि 'इनटू'चा जाच

यवतमाळच्या एका शाळेत मी 1971 ते 2002 अशी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. एवढ्या अवधीत इंग्रजी क्रियापदांनी मला फारसे छळले नाही. छळले ते त्यांच्या शेपटीला चिकटून येणाऱ्या 'टु', 'इनटू', 'आउट ऑफ' या चिमुकल्या शब्दांनी! आता महाराष्ट्रात मुले पहिलीपासून इंग्रजी शिकतात. पण वाचकहो, आपल्या चिरंजीवांची वही उघडून पाहा. लाल शाईची वर्तुळे बहुधा याच शब्दांभोवती दिसतील.

'टु गो टु यवतमाळ' असे फळ्यावर लिहिले की पोरे हमखास विचारीत, "सर, दोनदा 'टु' कशाले?" पहिला क्रियापदाचा, दुसरा दिशेचा, असे मी सांगे. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आपल्या इकडंबी तसंच हाये. यवतमाळले जायले." वर्ग खो खो हसला. मीही हसलो आणि "शुद्ध बोल" म्हणून त्याला खाली बसवले. वऱ्हाडीतला 'ले' काय किंवा आपला 'ला' काय, दिशाही तोच दाखवतो आणि 'जायला'च्या अंगालाही तोच चिकटतो, हे त्या पोराने हेरले होते. मास्तरांना ते दिसले नाही.

1978 साली नववीच्या वार्षिक परीक्षेत मी भाषांतराला वाक्य घातले : 'कापसाची रुई झाली आणि रुईच्या गाठी झाल्या.' जिल्हा कापसाचा. मुलांना सोपे जाईल, हा हेतू. या मुलाचा बाप तर जिनिंगमध्ये हमाल. पोराने लिहिले, 'ऑफ कॉटन लिंट बिकेम.' मी शून्य दिले. तो इंग्रजीत तीन गुणांनी नापास झाला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याचा बाक रिकामा होता. बापाने त्याला आपल्याबरोबर कामावर नेले होते. ते तीन गुण मला पुढे पुष्कळ वर्षे टोचत राहिले.

त्याची चूक तरी काय होती? आपण दुधाचे दही करतो, बर्फाचे पाणी होते, राईचा पर्वत होतो. जुनी वस्तू षष्ठीत घालायची आणि 'होणे' लावायचे, की रूपांतर पुरे. इंग्रज मात्र जुन्या वस्तूला चालवत नव्या वस्तूच्या आत नेऊन सोडतो. म्हणून 'टु टर्न इनटू'. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1985 मधील लेखात हा भेद छान मांडला आहे. काही भाषा गतीची वाट क्रियापदातच भरतात, काही ती बाहेरच्या लहान शब्दावर सोपवतात. आपण म्हणतो, 'उंदीर पळत बिळात शिरला.' शिरण्यात वाट आली. पळणे हा नुसता तपशील. इंग्रजीत उंदीर 'रॅन' करतो आणि वाटेचे ओझे 'इनटू' वाहतो.

अर्थात बदलाला चालवण्याची खोड आपल्यालाही आहेच. माणूस भानावर येतो, गाणे रंगात येते, मूल झोपी जाते. हे मी वर्गात कधी सांगितले नाही. मला तरी तेव्हा कुठे सुचले होते?

2009 साली एका नातलगाबरोबर जिनिंगमध्ये गेलो असता तेलकट हात पुसत एक फिटर पुढे आला आणि वाकून नमस्कार करू लागला. तोच तो! चहा मागवला. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे पडत होती. तो कौतुकाने यंत्र दाखवत होता. मी हळूच त्या परीक्षेचा विषय काढला.

"आठवते ना, सर," तो हसून म्हणाला. "पण त्याचं बरोबर इंग्रजी काय होतं, ते राहूनच गेलं."

"कॉटन टर्न्ड इनटू लिंट," मी म्हटले.

"इनटू म्हंजे मंधी?"

"आत. आत जाणे."

त्याने यंत्राखालची मूठभर रुई उचलली, क्षणभर पाहिली.

"पण सर, कापूस कुठं रुईत जाते? रुईच तं कापसातून बाहेर येते. इथं 'आउट ऑफ' पाह्यजे."

यंत्राचा आवाज फार होता. ऐकू आले नाही असे दाखवून मी चहा संपवला.