‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं नसतं! देणग्यांवर चालणारी प्रयोगशाळा कशी काम करते?

आमच्या टीमचा सर्व्हरवर लक्ष ठेवणारा एक डॅशबोर्ड आहे. एकदा तो रात्रभर हिरवागार होता आणि सकाळी बघतो तर तक्रारींचा ढीग. शोधल्यावर कळलं, आमची तपासणी दर पाच मिनिटांनी व्हायची आणि सर्व्हर मधल्या मिनिटभरात बंद पडून परत उठायचा. बिघाड होता, फक्त आमच्या मोजमापात तो सापडत नव्हता.

आता सर्व्हरच्या जागी मुलाच्या ताटातला भात आहे असं समजा. जपानमधल्या इवाकी शहरातल्या आयांपुढे २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न होता.

ताराचिने: आयांनी उभी केलेली लॅब

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइची अणुऊर्जा केंद्रातून किरणोत्सर्गी पदार्थ बाहेर पडले. इवाकी हे त्याच्या दक्षिणेला असलेलं समुद्रकाठचं शहर. सरकारी आकडे येत होते, पण ‘माझ्या परसातली भाजी खाऊ की नको?’ याचं उत्तर त्यात नव्हतं. मग नोव्हेंबर २०११ मध्ये नागरिकांनी, त्यातही मुख्यतः आयांनी, ‘ताराचिने’ नावाचं मापन केंद्र सुरू केलं. ताराचिने हा जुन्या जपानी कवितेत आईशी जोडलेला शब्द आहे. त्या काही शास्त्रज्ञ नव्हत्या, तज्ज्ञांकडून मोजमाप शिकल्या. केंद्राचा मोठा आधार म्हणजे लोकांच्या देणग्या.

गायगर काउंटर का पुरत नाही?

हातातला गायगर काउंटर आजूबाजूचा एकूण किरणोत्सर्ग दाखवतो. जपानने एप्रिल २०१२ पासून सामान्य अन्नासाठी सीझियमची मर्यादा किलोमागे १०० बेकेरेल ठेवली, बाळांच्या अन्नासाठी आणि दुधासाठी ५०. (१ बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन.) एवढा क्षीण सिग्नल माती, भिंती आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांत हरवून जातो. म्हणून नमुना शिशाच्या जाड कवचात, गॅमा डिटेक्टरजवळ ठेवतात. डिटेक्टर प्रत्येक किरणाची ऊर्जा मोजतो. सीझियम-१३७ ची ओळख ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर पटते.

खरा खर्च वेळेचा

थोडं गणित करूया. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. नमुन्यात १ बेकेरेल सीझियम-१३७ आहे. त्याच्या १०० विघटनांत सुमारे ८५ वेळा गॅमा किरण निघतो आणि त्यातले २ टक्के डिटेक्टरला सापडतात. पार्श्वभूमीचे ठोके सेकंदाला १.

- ३० मिनिटांत: सिग्नल सुमारे ३१ ठोके. पार्श्वभूमी १८००, म्हणजे तिच्यातला चढउतार (वर्गमूळ) सुमारे ४२. सिग्नल गोंगाटात बुडाला!
- २४ तासांत: सिग्नल सुमारे १४७०, चढउतार सुमारे २९४. आता तो स्पष्ट दिसतो.

म्हणजे वेळ ४८ पट दिला, तेव्हा स्पष्टता जेमतेम ७ पट वाढली. एकच मशीन असेल तर दिवसात ४८ नमुने वरवर तपासा, नाहीतर एकच नमुना खोलवर. दाराशी रांग लागलेली असताना हा निर्णय सोपा नसतो. अहवालात नुसतं ‘आढळले नाही’ लिहून भागत नाही ते यामुळेच. ‘किलोमागे किती बेकेरेलच्या खाली आढळले नाही’ हे लिहावं लागतं. हीच शोधमर्यादा.

स्ट्रॉन्शियम-९० चं प्रकरण तर आणखी अवघड. तो गॅमा किरण सोडत नाही, फक्त बीटा सोडतो. म्हणून नमुना जाळून राख करायची आणि रसायनांनी स्ट्रॉन्शियम वेगळं काढून मग मोजायचं. एकेका नमुन्याला कित्येक दिवस जातात. ताराचिनेने त्यासाठी २०१५ मध्ये बीटा किरणांची वेगळी लॅब सुरू केली.

पंख्याला देणगी मिळते, लाइट बिलाला नाही

आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं. लाइट बिलावर कोणाचं नाव बघितलंय का? लॅबचंही तसंच असतं. मशीनसाठी आवाहन केलं की पैसे येतात, कारण मशीनचा फोटो काढता येतो. पण जर्मेनियम डिटेक्टर सतत थंड ठेवायला द्रव नायट्रोजन किंवा वीज लागते. शिवाय रसायनं, कॅलिब्रेशनचा प्रमाणित नमुना, दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे माणसांचे पगार. हे दर महिन्याला लागतं. बातम्या थांबल्या की देणग्या आटतात, पण सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. त्यामुळे अशा लॅबला एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा थोडे पैसे देणारे हजार लोक जास्त मोलाचे. फ्रान्समध्ये चेर्नोबिलनंतर १९८६ साली उभी राहिलेली क्रीराद ही संस्थाही सभासदांच्या बळावर स्वतःची लॅब चालवते.

विश्वास कसा मिळवायचा?

सरकारवर विश्वास नाही म्हणून लॅबवर आंधळा विश्वास ठेवायचा, हे काही उत्तर नव्हे. तीन गोष्टी बघा:

१. कोरा नमुना नियमित मोजतात का? त्यात काही ‘सापडलं’ तर दोष मशीनचा किंवा हाताळणीचा.
२. तोच नमुना दुसऱ्या लॅबकडे पाठवून आकडे जुळवतात का?
३. दिलासा देणारे निकालही छापतात का? देणगीदाराला भीतीच हवी असेल, तर फक्त वाईट आकडे दाखवण्याचा मोह होतो. स्वतंत्र असणं म्हणजे सरकारइतकंच देणगीदारापासूनही स्वतंत्र असणं.

पुढच्या वेळी सोसायटीच्या टाकीच्या पाण्याचा अहवाल हातात आला आणि त्यात ‘आढळले नाही’ दिसलं, तर लॅबला एकच प्रश्न विचारा: ‘तुमची शोधमर्यादा किती?’ उत्तर मिळालं तर त्या अहवालाला अर्थ आहे. नाही मिळालं, तर तो आमच्या हिरव्या डॅशबोर्डसारखाच समजा.