सैन्यात जाणाऱ्या मुलांची पूर्वतयारी
— ऊस विकास अधिकारी, मानवत गट



ऊस नोंदीच्या व मोजणीच्या कामासाठी आम्ही भल्या पहाटे शिवारात निघालो की जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेने पळणारी पोरं हमखास दिसतात. बहुतेक आपल्याच सभासदांची मुले. बांधावर बेणे, खत, तोडीची पाळी हे विषय झाले की हल्ली आणखी एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, पोरगं मिलिटरीत जायचं म्हणतंय. काय करावं?" आमचे खाते उसाचे, हे खरे. परंतु हा प्रश्न इतक्या घरांतून आला की गटातील निवृत्त जवानांकडे बसून, विचारपूस करून जे समजले ते येथे मांडत आहोत.

आधी भरतीची रीत पाहू. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. भरती चार वर्षांसाठी होते व मुदत संपल्यावर तुकडीतील जास्तीत जास्त चौथाई जवानांना कायम करतात. 2023 पासून लेखी परीक्षा आधी व मैदान नंतर, असा क्रम झाला. मैदानात 1600 मीटर पळावे लागते. साडेपाच मिनिटांत आला तर पूर्ण 60 गुण. बीमला दहा वेळा हनुवटी वर नेली तर 40 गुण. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे व नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणे, यांत फक्त पास व्हायचे असते. वय, उंची, छाती यांचे नियम ज्या-त्या वेळच्या जाहिरातीत पाहावेत. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आता मुद्दा असा की आपली मुले तयारी करतात ती या साडेपाच मिनिटांची. निवड झाल्यावर पुढे काय वाढून ठेवले आहे याचा विचार घरात कोणी करीत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र 1922 पासून बेळगावला आहे. तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर), महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. मुलगा कोठेही जावो, सुमारे सात महिने त्याला तेथे घडवतात. अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला लागली ती ऑगस्टमध्ये बाहेर पडली. पहाटेची पी.टी., मग कवायत, हत्यार, वर्ग, पुन्हा मैदान, पाठीवर वजन घेऊन मैलोन् मैल चाल. साडेपाच मिनिटांचा दम तेथे पुरत नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. अशा गावात पोराला प्रशिक्षण म्हणजे काय ते आजोबा, चुलता, मामा यांच्या बोलण्यातून लहानपणीच कळते. आपला मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घरटी फौजी असण्याची चाल आपल्याकडे पडली नाही. त्यामुळे आपला पोरगा मानवत रोडच्या स्टेशनावरून गाडीत बसतो तो कोरा जातो. ही उणीव घरच्यांनी भरून काढायची आहे.

उसाची एक डोळ्याची रोपे करणाऱ्यांना हे लवकर पटेल. ट्रेमधली रोपे शेडनेटमधून काढून थेट शेतात लावली तर माना टाकतात. म्हणून लागणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडून, उन्हाला देऊन ती कणखर करतात. तसेच हे आहे. मात्र माणसाला आठ-दहा दिवस पुरत नाहीत, निदान चार महिने धरावेत.

काही सभासद म्हणतात, "आमचं पोरगं दिवसभर उसाच्या मोळ्या वाहतं, त्याला काय कसरत शिकवायची?" मोळी वाहून खांदा व कंबर तयार होते, हे मान्य. दम पळण्यानेच वाढतो. आणि पळणे वाढवण्यातच मुले घाई करतात. पहिल्या पंधरवड्यात पाच मिनिटे चालणे, दोन मिनिटे पळणे, पुन्हा चालणे, एवढेच करावे. एका आठवड्यात दहा किलोमीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात अकरा; वीस नव्हेत. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती. दोन महिने झाले की एक दिवस वेगाचा ठेवावा : 400 मीटर 82 सेकंदांत, मग दोन-तीन मिनिटे चालणे, असे चार ते सहा वेळा. असे चारशेचे चार टप्पे न थांबता जमले की साडेपाच मिनिटे होतात. अंतर अंदाजाने धरू नये. गट कार्यालयात मोजणीचा टेप आहे. आपल्या भागातील चिटबॉयला सांगितले तर तो 1600 मीटरच्या खुणा करून देईल.

डांबरी रस्त्यावर पळू नये. नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागते ते बहुधा तेथूनच, आणि फाटक्या बुटांमुळे. कालव्याची मातीची वाट उत्तम. उन्हाळ्यात काळ्या रानात पळू नये, भेगांत पाय मुरगळतो. दुखणे एकाच जागी बोट ठेवून दाखवता येत असेल आणि बसल्यावरही राहत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पट्टी बांधून, गोळी खाऊन पळत राहिले तर ती वाढते आणि भर प्रशिक्षणात पोरगा दवाखान्यात पडतो. मग तो आपल्या तुकडीच्या मागे राहतो. हाडांच्या डॉक्टरला वेळीच दाखवावे. दीड-दोन महिने थांबावे लागले तरी ते परवडते.

बीमसाठी घरामागच्या लिंबाला एक लोखंडी पाइप पक्का बांधावा. एकही जमत नसेल तर स्टुलावरून वर चढून हळूहळू खाली येण्याचा सराव करावा, महिनाभरात फरक दिसतो. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा जाड बूट घालून, पाठीवर पाच-सात किलोची पिशवी घेऊन दोन तास चालावे. मोजे सुती, नखे कापलेली. फोड येतात ते घरीच येऊ देत.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो. सात वाजण्याच्या आत सराव उरकावा. पळताना मुलगा बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर सावलीत आडवे करून अंगावर भरपूर पाणी ओतावे व लगेच दवाखाना गाठावा. पाणी ओतण्यास उशीर करू नये.

खाण्याचे फार स्तोम माजवू नये. ज्वारीची भाकरी, वरण, मटकीची उसळ, शेंगदाणे-गूळ, दूध, चालत असतील तर अंडी. जिममधील डबे व इंजेक्शने यांच्या नादी मुळीच लागू नये. गुटखा व तंबाखू आजच बंद. एक वैद्यकीय तपासणी आधीच करून घ्यावी, कारण मैदान मारलेली मुले पुढे कानातला मळ, किडलेले दात, चिकटणारे गुडघे, सपाट तळवे, पायाच्या फुगलेल्या शिरा, रंगांची ओळख यांवर अडतात. यांपैकी कान व दात महिनाभरात दुरुस्त होतात. हातावर मोठे गोंदण करून घेण्यापूर्वी तर शंभरदा विचार करावा.

आता मनाचे. हा भाग अवघड, आणि याची तालीम कोणी घेत नाही. तेथे पहिले दोन-तीन आठवडे घराची आठवण पोखरते. मोबाइल मर्जीप्रमाणे वापरता येत नाही. उस्ताद ओरडतो. चूक एकाची असली तरी शिक्षा सगळ्या टोळीला होते. आपली मुले शेतात राबलेली असतात, पण "का?" न विचारता ऐकून घेणे त्यांना माहीत नसते. घरात आई ताट वाढते, कपडे धुते, उठवायला तीनदा हाक मारते. ते सारे एका दिवसात सुटते, म्हणून मन खचते. उपाय घरचाच. दोन महिने आधीपासून रात्री दहाला निजणे व साडेचारला आपल्या गजराने उठणे. अंथरूण, कपडे, बूट, दाढी स्वतः. आठवड्यातून दोन दिवस मोबाइल वडिलांकडे. हिंदी बोलण्याची सवय. आणि दुसऱ्याच्या शेतावर आठ दिवस रोजाने कामाला पाठवावे, जेथे मुकादम त्याचे लाड करणार नाही. वडिलांच्या बोलण्याला पोरगा उत्तर देतो, मुकादमाच्या बोलण्याला देत नाही. हे आम्ही तोडीच्या फडावर दर हंगामात पाहतो.

घरच्यांनीही थोडे शिकायचे आहे. मुलगा तिकडे असताना फोनवर बांधाचे भांडण, पडलेला भाव, आजारपणाची चिंता ऐकवू नये. पहिल्या महिन्यात "परत येऊ का?" असा फोन आला तर लगेच ये म्हणू नये, चिडूही नये, "आणखी पंधरा दिवस बघ, मग बोलू" म्हणावे. निवृत्त जवान सांगतात की पंधरा दिवसांनी तो विषय बहुधा पुन्हा निघत नाही. मात्र मुलगा जेवत नाही, झोपत नाही, जिवाचे काही बरेवाईट बोलतो असे वाटले तर थांबू नये. केंद्रातील अधिकाऱ्यांना तत्काळ कळवावे.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. ऑनलाइन परीक्षेचे ठरावीक शुल्क सोडले तर भरतीला एक पैसा लागत नाही. "साहेबांशी ओळख आहे, दोन लाखांत काम करतो" म्हणणारा माणूस भेटला तर उसाच्या बिलाचे पैसे त्याच्या हाती देऊ नयेत. पोलिसांत कळवावे.

आणि निवड होणार नाही, हीही शक्यता धरावी. येणाऱ्यांपैकी बहुसंख्य परतच जातात. पोरगा मैदानावर जाण्यापूर्वीच त्याला सांगावे की नाही झाले तर घर, शेत, शिक्षण आहे तेथेच आहे. भावकीत आधी पेढे वाटून ठेवले की नापास मुलाला गावात तोंड दाखवणे कठीण जाते. निवड झाली तरी चार वर्षांनंतरचा विचार लागतोच. बारावी, पदवी, एखादा हुन्नर, जे चालू असेल ते सोडू देऊ नये.

प्रशिक्षण संपले की कसम परेड होते व तिला आईवडिलांना बोलावतात. दोघांनीही जावे. परेड ऑगस्टमध्ये आली तर आडसालीची लागण नेमकी त्याच दिवसांत येईल. ती आठ दिवस पुढे ढकलावी, उसाचे काही बिघडत नाही. नोंदीची तारीख गट कार्यालयात बदलून मिळेल.