स्टिअरिंगवरची बटणं रुसली की...

आवाज वाढवायचं बटण दाबावं, तर गाणं बदलतं. फोन उचलायला जावं, तर रेडिओ लागतो. आणि चौकात रिक्षा आडवी आली की नेमका हॉर्न मुका. आठ-दहा वर्षं वापरलेल्या गाडीत ही दुखणी कधी ना कधी डोकं वर काढतातच. गॅरेजमध्ये गेलं की बहुतेक वेळा एकच निदान ऐकायला मिळतं, ‘कॉइल गेली, बदलावी लागेल.’ कधी ते अगदी बरोबर असतं. पण पुष्कळदा खोट असते ती बटणाखालच्या टिकलीएवढ्या रबरात, एखाद्या फ्यूजमध्ये, नाहीतर नवा स्टिरिओ बसवताना जोडायची राहून गेलेल्या वायरीत. खोट कुठे आहे हे शोधायला साधा मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो. दुरुस्तीचा काही भागही घरी होतो. काही भागाला मात्र हात न लावलेलाच बरा, कारण त्या बटणांच्या शेजारीच एअरबॅग दडलेली असते.

मुळात अडचण आहे ती चाक फिरतं याची. डॅशबोर्डवरच्या बटणाची वायर एकदा बांधली की काम झालं. स्टिअरिंग मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीन वेळा फिरतं. त्यात साधी वायर घातली तर ती पिळवटून तुटणार. फोर्डने १९५८ सालच्या एडसेल गाड्यांत स्वयंचलित गिअरची बटणं थेट स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे एरवी हॉर्न असतो तिथे, बसवून पाहिली. चाक फिरलं तरी मधला भाग स्थिर राहावा म्हणून आत खास गिअरची योजना केली होती. ‘टेलिटच’ नावाची ही सोय तक्रारींमुळे गाजली आणि पुढच्याच वर्षीच्या मॉडेलमधून गायब झाली.

नुसता हॉर्न वाजवायचा असेल तर उपाय सोपा होता. स्टिअरिंगच्या मागे एक धातूची कडी आणि तिच्यावर स्प्रिंगने टेकलेला एक छोटा संपर्क. चाक फिरलं तरी दोघांची गाठ सुटत नाही. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्यांत हीच रचना असते. तिथे हॉर्न अडखळू लागला तर कडीवरचं काळं किटण पुसलं, संपर्काचा स्प्रिंग जागेवर आहे का ते पाहिलं की बहुधा काम भागतं. नवशिक्याने हात साफ करावा तो अशा गाडीवर.

एअरबॅग आली आणि कडी अपुरी पडू लागली. हॉर्न क्षणभर कटला तर बिघडत नाही. एअरबॅगला मात्र धडक बसल्यावर ३०-४० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, फुगायचं असतं. तिचा विजेचा मार्ग एका क्षणालाही तुटता कामा नये. म्हणून चाकामागे प्लास्टिकच्या चपट्या डबीत एक पातळ, रुंद पट्टी शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळून ठेवली जाते. तिच्यात तांब्याच्या बारीक रेघा असतात. चाक एकीकडे वळलं की पट्टी आवळते, दुसरीकडे वळलं की सैल होते. हीच क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल. गॅरेजमध्ये तिला ‘एअरबॅग कॉइल’ किंवा नुसतं ‘कॉइल’ म्हणतात. हॉर्न, ऑडिओची बटणं, क्रूझ कंट्रोल आणि एअरबॅग हे सगळे याच पट्टीवरून ये-जा करतात.

ही पट्टी कधी कंपनीच्या हातूनही फसते. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून ६० लाखांहून अधिक गाड्या वेगवेगळ्या दोषांसाठी परत बोलावल्या. त्यांतल्या सुमारे ३५ लाख गाड्यांमध्ये दोष होता तो याच स्पायरल केबलचा. चाक फिरताना केबलला इजा होऊन एअरबॅगची जोडणी तुटण्याची शक्यता होती. त्यात भारतातल्या, २००५ ते २००८ या काळात बनलेल्या, सुमारे ४५ हजार इनोव्हाही होत्या. पुढच्या वर्षी फोक्सवॅगनने अमेरिकेत चार लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. क्लॉक स्प्रिंगमध्ये कचरा शिरून पट्टी फाटू शकते, असं तिथलं कारण होतं. आपल्याकडची धूळ आणि कोकणातली खारी, दमट हवा पाहता हे कारण नीट लक्षात ठेवावं.

आता निदान. लक्षणं एकेकटी न पाहता एकत्र पाहिली की अर्धं काम होतं. हॉर्न बंद, बटणं बंद आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला, अशी तिन्ही लक्षणं एकदम दिसली तर संशय सरळ क्लॉक स्प्रिंगवर. चाक वळवताना आतून कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो, किंवा हॉर्न चाक सरळ असताना वाजतो आणि वळणावर गप्प होतो, तेव्हाही तीच. पण एकच बटण मेलं असेल आणि बाकीची ठणठणीत असतील, तर दोष त्या बटणाचा. फक्त हॉर्न गेला असेल तर आधी फ्यूज पाहावा. फ्यूज शाबूत असेल तर कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगून फ्यूजबॉक्सजवळ कान लावावा. बहुतेक गाड्यांत हॉर्नचं बटण रिलेला, म्हणजे भोंग्याला वीज जोडणाऱ्या छोट्या स्विचला, अर्थिंग देतं. रिले ‘टक्’ करून वाजला याचा अर्थ बटण आणि पट्टी दोन्ही धडधाकट आहेत. खोट पुढे आहे, म्हणजे रिलेच्या संपर्कात, वायरीत किंवा बंपरमागच्या भोंग्यात. एवढ्याशा ‘टक्’वरून कॉइलचा अख्खा खर्च वाचू शकतो.

बटणं भलतंच काम का करू लागतात, हे कोडं त्याहून मजेदार आहे. पाच-सहा बटणांसाठी पाच-सहा वायरी ओढायला जागा नसते. म्हणून जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा दोनच वायरी असतात आणि प्रत्येक बटणाला वेगळ्या ओहमचा रेझिस्टर जोडलेला असतो. बटण दाबलं की स्टिरिओ वायरीवरचा व्होल्टेज मोजतो आणि कुठलं बटण ते ओळखतो. एक ढोबळ उदाहरण घेऊ. स्टिरिओ ५ व्होल्ट १००० ओहममधून पाठवतो. ‘आवाज वाढव’च्या बटणाला ३३० ओहम आहेत, तर वायरीवर साधारण १.२४ व्होल्ट येतात. ‘मोड’च्या बटणाला १००० ओहम आहेत, तर येतात अडीच. आता आवाजाच्या बटणाखालचा संपर्क मळला आणि त्याने स्वतःचे ६७० ओहम वाढवले, तर बेरीज होते १०००. स्टिरिओला वाटतं मालकाने ‘मोड’ दाबलं. तो बिचारा हुकूम पाळतो आणि रेडिओ लावतो.

मल्टिमीटरने हे पकडता येतं. स्टिरिओचं कनेक्टर काढायचं, बटणांच्या दोन वायरींवर मीटर लावायचा आणि एकेक बटण दाबून आकडे लिहून काढायचे. चांगल्या बटणाचा आकडा दर वेळी जवळपास तोच येतो. मळलेल्या बटणाचा आकडा हलका दाब दिला की एक, जोरात दाबलं की दुसरा. आकडे नाचताना दिसले की रोग सापडला.

तिसरी शक्यता आपल्याकडे फार आढळते. मूळ टेप काढून कुणीतरी मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवलेला असतो आणि त्या दिवसापासून स्टिअरिंगवरची बटणं थंड. अशा स्टिरिओच्या मागे ‘की-१’, ‘की-२’ असं लिहिलेल्या वायरी असतात. स्टिअरिंगकडून येणारी वायर त्यांना जोडायची, तिची जोडीदार अर्थिंगला द्यायची. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘स्टिअरिंग लर्निंग’चा पडदा उघडायचा, एक बटण दाबायचं, पडद्यावर त्याचं काम निवडायचं, की पुढचं बटण. स्टिअरिंग उघडायची गरजच नाही. ज्या गाड्यांत बटणांचे निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटांच्या डिजिटल जाळ्यावरून, जातात, तिथे मात्र त्या मॉडेलसाठीचा डीकोडर लागतो. नुसती वायर जोडून काही होत नाही.

इथपर्यंत सगळं घरी करण्यासारखं. यापुढे पिवळा रंग दिसतो. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर पिवळ्या रंगात देण्याची पद्धत आहे. बहुतेक गाड्यांत बटणांची पट्टी सोडवायची तर आधी मधली एअरबॅग उतरवावी लागते, आणि घरगुती दुरुस्ती अंगाशी येते ती इथेच. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक राहते. टोयोटाची वर्कशॉप मॅन्युअल किमान ९० सेकंद थांबायला सांगतात, होंडाची ३ मिनिटं. जाणते कारागीर दहा मिनिटं चहा पिऊनच परत येतात, आणि तेच शहाणपणाचं. उतरवलेली एअरबॅग नेहमी झाकणाची बाजू वर करून ठेवायची. उपडी ठेवली आणि चुकून फुटली तर ती उसळून वर येते. उचलून नेताना झाकण अंगापासून दूर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. मीटर स्वतःची थोडी वीज सोडतो आणि आतल्या स्फोटकाला ठिणगीपुरतीच वीज पुरते.

म्हणून मधला मार्ग बरा. एअरबॅग जाणत्या मेकॅनिककडून उतरवून घ्यायची आणि बटणांचं काम आपण करायचं. बटणांची पट्टी उघडली की आत टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तसं रबराचं पान दिसतं. प्रत्येक बटणाखाली एक काळी कार्बनची टिकली आणि समोरच्या पट्टीवर कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या रेघा. वर्षानुवर्षांचा घाम, धूळ आणि करोनाच्या काळात मारलेल्या सॅनिटायझरच्या फवाऱ्यांतून झिरपलेला चिकटपणा या दोघांच्या मधे बसलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने रेघा हलकेच पुसाव्यात, टिकल्या नुसत्या टिपून घ्याव्यात. कापूस काळा होत राहिला तर थांबावं, कारण आता मळ जाऊन कार्बन निघू लागलेला असतो. पॉलिशपेपर, पेट्रोल आणि गंज सोडवणारा स्प्रे इथे वर्ज्य. टिकली झिजून गुळगुळीत झाली असेल तर रिमोटच्या रबरासाठी मिळणारा कार्बनचा लेप उपयोगी पडतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असलं सामान शोधायला फार फिरावं लागत नाही.

क्लॉक स्प्रिंग बदलणं हे त्याच्यावरच्या इयत्तेतलं काम. इथे चूक होते ती नेहमी एकाच ठिकाणी, मध्य धरण्यात. टोयोटाच्या पद्धतीत पट्टी मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे सुमारे अडीच-अडीच वेढे फिरू शकते. स्टिअरिंगला प्रत्येक बाजूला पावणेदोन वेढे लागतात असं धरलं, तर पाऊण वेढ्याची सवड उरते. पण पट्टी बसवताना मध्य एका वेढ्याने चुकला तर एका बाजूला उरतात दीडच. पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळवलं की नवी कोरी पट्टी पहिल्याच दिवशी तुटते. म्हणून पुढची चाकं नाकासमोर सरळ करूनच स्टिअरिंग काढायचं, दांड्यावर आणि चाकावर रंगाची खूण करायची आणि नव्या कॉइलची कुलूपपिन शेवटपर्यंत काढायची नाही. मधला नट पूर्ण काढण्याआधी चार आटे तसाच ठेवावा, नाहीतर घट्ट बसलेलं चाक एकदम सुटून तोंडावर येतं. हातोडा नकोच. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांत बऱ्याचदा चाकाचा कोन मोजणारा सेन्सर कॉइलमध्येच असतो. तो बदलल्यावर स्कॅनर लावून कॅलिब्रेशन करावं लागतं, ते घरी होत नाही.

सुट्या भागांच्या बाजारात डोळे उघडे ठेवावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुन्या गाडीची बटणांची पट्टी मिळाली तर ती जरूर घ्यावी. जुनी कॉइल मात्र नको, कारण तिचं उरलेलं आयुष्य बाहेरून दिसत नाही. एअरबॅग तर भंगारातून कधीच घेऊ नये. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट एअरबॅगांचा धंदा उघडकीस आणला, तेव्हा नामांकित कंपन्यांची नावं छापलेल्या ९०० हून अधिक एअरबॅगा सापडल्या होत्या. दुसरा एक जुगाड याहून गुपचूप चालतो. कॉइल तुटली की एअरबॅगचा दिवा पेटतो. तो विझवायला एअरबॅगच्या जागी दोनेक ओहमचा रेझिस्टर जोडून गाडी विकली जाते. दिवा विझतो, एअरबॅग मात्र फुगत नाही. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद पेटून विझतो का हे पाहावंच. मुळीच न पेटणारा दिवाही तितकाच संशयास्पद. दिवा नीट वागत असला तरी स्टिअरिंग उघडल्याच्या खुणा दिसल्या तर स्कॅनर लावून आणि पिवळं कनेक्टर उघडून खात्री करून घ्यावी. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात आता हा प्रश्न जवळपास प्रत्येक गाडीला लागू होतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी फ्यूज आणि रिले, मग स्टिरिओच्या मागच्या वायरी, मग मल्टिमीटरवरचे आकडे, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंग. एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला असेल तर घरगुती प्रयोग थांबवून गाडी थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी. आणि नव्या कॉइलचे पैसे मोजण्याआधी चेसिस नंबर देऊन आपल्या गाडीवर रिकॉल निघालेला आहे का, तो कधी पूर्ण झाला का, हे तिथे विचारून घ्यावं. भारतीय वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२ पासून ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता लागू केली आहे, आणि रिकॉलमधली दुरुस्ती मालकाला मोफत मिळते, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असली तरी.