क्रीममधलं ‘अल्कोहोल’
क्रीमच्या डबीवर ‘सीटाइल अल्कोहोल’ वाचून अनेकजण दचकतात. सॅनिटायझरमधलं इथेनॉल भुर्रकन उडतं, त्वचा कोरडी करतं. हे मात्र पांढऱ्या, मेणचट पापुद्र्यांच्या रूपात मिळतं आणि ४९ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं.

त्याच्या रेणूतली १६ कार्बनची साखळी तेलात रमते, टोकाचा हायड्रॉक्सिल गट पाण्याकडे ओढला जातो. त्यामुळे मुख्य इमल्सिफायरच्या जोडीने ते तेल-पाण्याचं मिश्रण फुटू देत नाही, क्रीम दाट करतं, त्वचेला मऊपणा देतं. एकट्याने मात्र त्याला मिश्रण टिकवणं जमत नाही.

१८१७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी ते स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणापासून मिळवलं. आता ते पाम किंवा खोबरेल तेलापासून बनतं, हे फार चांगलं झालं.

क्वचित कुणाला त्याची ॲलर्जी असते. नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं.