प्रवाहाने उलटणारे चुंबक

पिंपळनेरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप होत असताना वीज गेली, की सेव्ह न केलेला मजकूर नाहीसा होतो. संगणकाच्या चालू मेमरीत प्रत्येक नोंद म्हणजे चिमूटभर विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. चुंबकाचे तसे नाही. त्याची दिशा हीच नोंद मानली, तर ती विजेविना टिकते. प्रश्न होता ती दिशा झटपट, नेमक्या ठिकाणी फिरवायची कशी?

१९९६ साली जॉन स्लोन्चेव्स्की आणि ल्यूक बर्जर यांनी स्वतंत्रपणे उत्तर मांडले : बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नकोच, नुसता प्रवाह पुरे. इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’, म्हणजे अंगचा कोनीय संवेग, असतो. घट्ट बसवलेल्या चुंबकी थरातून जाताना बहुतेक इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला लागतात. पुढच्या मोकळ्या थरात शिरताच ते इलेक्ट्रॉन हा संवेग त्याला देऊन टाकतात आणि तो थर उलटतो.

हे नॅनो आकारातच का साधते, ते हिशेबातून कळते. थर उलटवायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक कोटी अँपिअर लागत. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत हे प्रमाण म्हणजे एक लाख अँपिअर! असे थर रचलेल्या शंभर नॅनोमीटर रुंदीच्या खांबात मात्र एक मिलिअँपिअरच्या आसपास भागते.

वेगाची गोष्ट इथे आपल्या जवळ येते. आज आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले अश्विन तुळापूरकर यांनी २००४ साली जपान-फ्रान्समधल्या सहकाऱ्यांसोबत असे नॅनोखांब एका नॅनोसेकंदाहून कमी वेळात उलटल्याचे दाखवले. तेवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम तीस सेंटिमीटर जातो. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांच्या गटाने स्पिन-टॉर्क डायोड मांडला : उच्च वारंवारतेचा उलटसुलट प्रवाह आत सोडला की बाहेर एकदिश व्होल्टेज मिळते. मला हा शोध अधिक सुंदर वाटतो. मेमरीसाठी घडवलेला खांब त्यात सूक्ष्मलहरी टिपणारा शोधक झाला.

अडचणी आहेतच. दोन्ही थरांच्या चुंबकी दिशा समांतर असतील तर सुरुवातीला फिरवणारा जोरच मिळत नाही. उष्णतेच्या थरथरीने मोकळ्या थराची दिशा आधी किंचित कलावी लागते. घाई करायची तर प्रवाह वाढवावा लागतो, आणि त्याने दोन थरांच्या मधला जेमतेम नॅनोमीटरभर जाडीचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा पडदा झिजतो.

बारावीच्या भौतिकशास्त्रात चुंबकीय पदार्थांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पिंपळनेरच्या मुलामुलींनी ते केवळ मार्कांपुरते वाचू नये. या खांबांचे काम अजून पुरे झालेले नाही.