पाणी शेंदणारा विद्यार्थी

विद्यार्थी मित्रांनो, शिकवलेले लवकर समजले नाही, तर तुम्हांला वाईट वाटते ना? त्यातच वर्गातली मुले हसली, तर अधिकच वाईट वाटते. आज आपण अशाच एका विद्यार्थ्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव क्लिअँथीस.

क्लिअँथीसचा जन्म इ. स. पूर्व ३३० च्या सुमारास असोस या गावी झाला. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आहे. त्या काळी तेथे ग्रीक लोक राहत. क्लिअँथीस आधी मुष्टियोद्धा होता. पुढे तो अथेन्स शहरात आला. तेव्हा त्याच्याजवळ फक्त चार द्राख्मा, म्हणजे चांदीची चार नाणी होती, असे सांगतात.

अथेन्समध्ये झेनो नावाचे तत्त्वज्ञ शिकवीत असत. त्यांचे गुरू क्रेटीस. क्रेटीस यांनी आपली सारी संपत्ती सोडून साधे जीवन पत्करले होते. झेनोंचे वर्ग खांबांच्या एका लांब ओसरीत भरत. अशा ओसरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात. म्हणून झेनोंच्या अनुयायांना 'स्टोइक' हे नाव पडले. उर्दूतला 'रिवाक' हा शब्द तुम्हांला माहीत असेल. त्यावरूनच उर्दूत या तत्त्वज्ञांना 'रिवाकी' म्हणतात. सद्गुण हीच खरी संपत्ती, अशी त्यांची शिकवण होती.

क्लिअँथीस झेनोंचा शिष्य झाला. पण पोट कसे भरणार? तो रात्री बागांमध्ये विहिरीचे पाणी शेंदत असे आणि दिवसा गुरूंजवळ शिकत असे. लिहिण्याचे साहित्य विकत घ्यायला पैसे नसत. म्हणून तो शिंपल्यांवर आणि बैलांच्या हाडांवर टिपणे लिही.

हा धडधाकट माणूस दिवसभर गुरूंजवळ बसतो, मग खातो काय? लोकांना संशय आला. त्याला न्यायाधीशांपुढे उभे करण्यात आले. क्लिअँथीसने दोन साक्षीदार आणले. एक होता बागेचा माळी. दुसरी होती पीठ विकणारी बाई. तो आपल्याकडे कष्ट करतो, असे दोघांनी सांगितले. न्यायाधीश खूश झाले. त्यांनी त्याला एक हजार द्राख्मा देण्याचे ठरवले. पण झेनोंनी ते पैसे घेऊ दिले नाहीत!

क्लिअँथीसची बुद्धी मंद होती. सोबती त्याला गाढव म्हणत. तो रागावत नसे. झेनोंचे ओझे वाहण्याची ताकद आपल्यातच आहे, असे तो उत्तर देई. झेनोंनी मात्र आपल्या शिष्याला बरोबर ओळखले होते. त्या काळी मेण लावलेल्या पाट्यांवर लिहीत. झेनो क्लिअँथीसला कठीण मेणाच्या पाटीची उपमा देत. अशा पाटीवर लिहिणे अवघड असते. पण एकदा लिहिलेले सहज पुसले जात नाही.

क्लिअँथीस एकोणीस वर्षे झेनोंजवळ शिकला. इ. स. पूर्व २६२ च्या सुमारास झेनो वारले. त्यांच्यामागे शाळा कोणी चालवली? याच क्लिअँथीसने! त्याने ती सुमारे तीस वर्षे सांभाळली. पुढे मोठा तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेला क्रिसिपस हा त्याचाच शिष्य. क्लिअँथीसचे बहुतेक ग्रंथ आज नष्ट झाले आहेत. पण त्याचे एक स्तोत्र अजून वाचायला मिळते.

मित्रांनो, एखादा धडा तुम्हांला उशिरा समजला, तर निराश होऊ नका. आणि वर्गात कोणी मागे पडले, तर त्याला हसण्यापूर्वी या कठीण मेणाच्या पाटीची आठवण ठेवा.